यादी

२०२३ सालच्या ऑगस्टात ग्रामपंचायतीचा शिपाई सकाळी सकाळी आमच्या गोठ्यात आला. मी धार काढत होतो. म्हणाला, "काका, भाऊसाहेबांनी बोलावलंय. गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची यादी करायचीय. शाळंफुडं शिलाफलक बसवायचा हाय." आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. त्या वर्षी 'मेरी माटी मेरा देश' म्हणून देशभर गावोगाव असे फलक बसत होते. मी दहावी शिकलेला, अक्षर बरं आणि अधूनमधून कायतरी लिहिणारा, म्हणून अशी कामं माझ्याकडं येतात. मी नेहमी हौसेनं करतो. त्या दिवशी मात्र म्हणालो, "यादी दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घ्या."

शिपाई माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला काय सांगणार? यादीची आणि माझी सत्तेचाळीस वर्षांची जुनी भानगड आहे. ती आज लिहून टाकतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. वाळव्याला जायचं तर नावेनं नदी उतरून दोन-अडीच तास चालावं लागायचं. आता जिल्हा सांगली, पण बेचाळीस साली हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. पत्री सरकारचा मुलूख. आम्ही पोरं त्या गोष्टी ऐकतच मोठी झालो. पुस्तकातनं नव्हे, आजीच्या तोंडून, रात्री शेंगा फोडताना.

आजी सांगायची, आधी मोर्चे निघाले. १९४२च्या सप्टेंबरात तासगावला मोर्चा गेला तेव्हा मामलेदारानंच गांधी टोपी घातली आणि कचेरीवर झेंडा लावू दिला. लोकांना वाटलं, झालं, इंग्रज गेला. पण ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि नऊ माणसं पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोन गेली. त्यातले एक पंड्या, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. आमचे आजोबा त्या मोर्चात होते. अंधार पडल्यावर नदी पोहून घरी आले, तेव्हा पायात एकच पायताण होतं. दुसरं कुठं पडलं ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

त्या दोन दिवसांत लोकांना एक गोष्ट कळली. मोकळ्या रस्त्यावर हजारांनी माणसं आली तरी चार बंदुका त्यांना पांगवतात. तिथनं पुढची लढाई रस्ता सोडून गावात शिरली. गावात म्हणजे कुठं? तर माणसं जिथं आधीपासून एकत्र बसत-उठत होती तिथं.

पहिली तालीम. आमच्या तालमीत तेव्हा वीस-बावीस पोरं होती. पहाटे चारला उठायचं, वस्ताद सांगेल तेवढ्या जोर-बैठका मारायच्या, आणि तालमीतली गोष्ट घरात बोलायची नाही. कुंडलला तुफान सेना उभी राहिली तेव्हा आमच्यातली चार-पाच पोरं तिकडं गेली. त्यांना वेगळी शिस्त शिकवावी लागली नाही, ती लाल मातीत आधीच शिकून झाली होती. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली, तेव्हा आमच्या गावचं कोण कोण तिथं होतं हे वस्तादाला माहीत होतं. वस्ताद मेला तरी बोलला नाही.

दुसरं भजनी मंडळ. रात्री पंधरा माणसं एका ठिकाणी बसली तर पोलीस विचारणार. पण एकादशीला देवळात बसली तर कोण विचारणार? आजोबा सांगायचे, "आमी भजनात कमी आन् बोलण्यात जास्ती. पोलीस पाटलाचा माणूस फिरकला की पखवाजवाला थाप मारायचा."

तिसरी भावकी. भूमिगत माणसाला घरात ठेवायचं तर घराला घर लागून असलेल्या चुलत्यांनी तोंड मिटायला पाहिजे. बांधावरनं एकमेकांची डोकी फोडणारी आमची भावकी या बाबतीत मात्र एक झाली.

आणि चौथी वाट बायकांची. बाईला दोन गावं असतात, सासर आणि माहेर. लेक माहेरी निघाली, आई लेकीकडं निघाली, यात पोलिसाला संशय कसला? आजी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. शेणाच्या पाटीत तळाला भाकरी, वर फडकं, त्याच्यावर शेण. अशा भाकरी तिनं पानमळ्यात आणि शाळवाच्या रानात पोचवल्या. निरोपही तीच न्यायची, कारण तिचं माहेर कुंडलच्या अंगाला होतं. ती म्हणायची, "मला काय सवराज कळत हुतं? माझा भाऊ सांगायचा, ह्ये सांग, आन् मी सांगायची."

नाना पाटील, नागनाथअण्णा, जी. डी. बापू, किसन वीर ही मोठी माणसं होती, यात वाद नाही. पण आजीच्या गोष्टी ऐकून मला वाटतं, त्यांची चळवळ इंग्रजाला साडेतीन-चार वर्षं मोडता आली नाही ती या चार वाटांमुळं. कुंडल गट, वाळवा गट असे गट होते आणि जो तो आपल्या भागाचं बघायचा. एक धरला तरी दुसरा चालू. जशी गावात भावकी, तशीच ही मांडणी. ज्या वाटेनं लढाई गेली त्या वाटेचा गुणही तिला लागला. तालमीतनं गेली म्हणून गावगुंडाला आणि खबऱ्याला शिक्षा कसली, तर पायाच्या तळव्यावर फटके. बायकांच्या वाटेनं गेली म्हणून न्यायमंडळापुढं दारूचे, टाकलेल्या बायकांचे, सावकाराच्या गहाणाचेही निवाडे झाले. लोकांनी कमी खर्चात गांधी लग्नं लावली.

आता पाचवी वाट सांगतो. ती आमच्या गावात कुणी मोठ्यानं सांगत नाही.

गावाच्या खालच्या अंगाला सात घरं होती. तेव्हा आम्ही मांगवाडा म्हणायचो. आता वस्तीला अण्णाभाऊ साठ्यांचं नाव आहे. वाटेगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं तो अभिमान सगळ्या तालुक्याला आहे. त्या सात घरांत एक हलगीवाले बाबा होते. घायपाताचा वाख काढून दोर वळायचे आणि सणासुदीला, लग्नात, कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवायचे. इंग्रजाच्या कायद्यानं तेव्हा मांग-रामोशांना रात्री चावडीवर हजेरी द्यावी लागायची. कुठं चोरी झाली की आधी यांना उचलायचं. म्हणजे गावाला सरकारचा जुलूम बेचाळीस साली दिसला, तर या लोकांचा तो रोजचाच होता. वेगळ्या नावानं, एवढंच.

आजोबांच्या ताब्यातल्या दोन बंदुका बाबांनी वाखाच्या ढिगाऱ्यात लपवल्या. वाखानं अंग खाजतं, त्यात हात कोण घालणार? एकदा पोलीस आले तेव्हा आजोबा घरातच होते. बाबांनी हलगीवर कुस्तीचा ठेका धरला. मैदान नसताना हलगी वाजतेय म्हटल्यावर आजोबा काय ते समजले आणि परड्यातनं निघाले. पोलीसही समजले. बाबांना चावडीवर नेऊन मारलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यानंतर सरळ झाली नाहीत. तरी बाबा बोलले नाहीत. पण न्यायमंडळात बाबा कधी बसले का, असं मी आजोबांना एकदा विचारलं. आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बसायला जागा हुती की. त्येच बसलं न्हाईत."

१९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. आजोबांना ताम्रपट मिळाला, पेन्शनही सुरू झालं. पेन्शनीला तुरुंगाचा कागद पाहिजे, नाहीतर बरोबरच्या स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला पाहिजे. बाबांना मारलं होतं चावडीवर, त्याचा कागद कुठला असणार? दाखला आजोबांनी द्यायचा होता. देतो देतो म्हणाले. पुढल्या वर्षी ते वारले. ताम्रपट भिंतीवर राहिला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकीव आहे. पुढची माझ्या डोळ्यांदेखतची आहे.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. शाळेत नवी घोषवाक्यं रंगवली, एस.टी. वेळेवर यायला लागली, एवढंच आधी कळलं. मग मिसाखाली माणसं धरल्याचं कानावर आलं. त्या सालच्या अखेरीस कराडला साहित्य संमेलन झालं. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि त्यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्या मंडपाला उभं राहून प्रार्थना करायला लावली. आमच्या मास्तरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. वर्गात सांगताना त्यांनी दार लावून घेतलं, हे मला अजून आठवतं.

ज्या गावानं इंग्रजाला पाणी पाजलं ते गाव पंच्याहत्तर साली का बोललं नाही, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडला होता. माणसं भेकड झाली म्हणावं तर तीच माणसं होती. वस्तादाचा पोरगा वस्ताद होता, भजनी मंडळात तेच म्हातारे होते. पण मधल्या तीस वर्षांत गावात नव्या गोष्टी आल्या होत्या. सोसायटी आली, साखर कारखाना आला, दूध डेअरी आली, जिल्हा परिषदेची शाळा आली. गावाचं भलं झालं त्यानं, मी नाकारत नाही. पहिलं पक्कं घर आम्ही उसाच्या बिलावर बांधलं. पण माणसांना एकत्र आणणारं जे जे होतं त्याची दोरी आता वर कुठंतरी एकाच दाव्याला बांधलेली होती. पीककर्ज तिथनं, उसाची तोड तिथनं, मास्तराची बदली तिथनं. तालमीच्या पत्र्यालासुद्धा कारखान्याची देणगी होती. भूमिगताला भाकरी द्यायला बेचाळीस साली कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता भाकरीचं पीठच सोसायटीच्या कर्जातनं येत होतं.

शहरात जे आणीबाणीविरुद्ध बोलले त्यांच्याकडं बघा. समाजवादी होते, संघाचे होते, आणखी कुणी कुणी होते. एकमेकांचं तोंड न बघणारे एकाच तुरुंगात गेले. त्या प्रत्येकाची आपली स्वतःची बैठक होती, शाखा होती, सेवा दल होतं, युनियन होती. सरकारच्या पैशावर न चालणारी. आमच्या गावात तसलं काही उरलंय का, हे १९७६च्या दिवाळीनंतर कळलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सोसायटीचे सेक्रेटरी होते. पगारी माणूस. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची सक्ती तेव्हा जोरात होती. त्या एका वर्षात देशभरात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर सक्ती करणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूरसुद्धा केला होता, राष्ट्रपतींची सही तेवढी झाली नाही. कायदा नसला तरी टार्गेट होतं. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, सगळ्यांना 'केसेस' द्यायच्या होत्या. आप्पांना बारा केसेस सांगितल्या होत्या. नाही दिल्या तर नोकरी जाईल, असं तोंडी सांगितलं होतं, लेखी नव्हे.

आप्पांचा हात थरथरायचा, त्यामुळं सोसायटीचे कागद मी लिहायचो. कंदिलाच्या उजेडात आप्पांनी नावं सांगितली आणि मी सुवाच्य अक्षरात बारा नावं लिहिली. वर रेघ मारली, समास सोडला. अक्षर चांगलं आलं म्हणून मला बरंही वाटलं.

यादी दुसऱ्या दिवशी गावभर झाली, आणि मग माणसं यायला लागली. मी सोप्यात अभ्यासाला बसलेला असायचो, त्यामुळं सगळं बघितलं.

पहिल्यांदा आमच्या भावकीतले थोरले चुलते आले. चहा घेतला. पावसापाण्याचं बोलले. उठताना म्हणाले, "आप्पा, आपल्या दोघांची नावं चुकून पडल्यात बग." दोन नावं खोडली. 

तालमीतल्या एका पैलवानाचं नाव होतं. संध्याकाळी दहा-बारा पोरं आमच्या कट्ट्यावर येऊन बसली. काही बोलली नाहीत. नुसती बसली, दिवेलागण होईपर्यंत. नाव खोडलं.

कारखान्यातल्या कामगाराचं नाव कारखान्याच्या आकड्यात धरायचं ठरलं, म्हणून गेलं. धनगरांचे दोघे भाऊ होते. त्यांच्या वाड्यानं रातोरात मेंढरं हाणली आणि नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधीच गाव सोडलं. कुत्रीसुद्धा मागं ठेवली नाहीत. मुसलमानांची चार घरं गावात. शुक्रवारच्या नमाजानंतर सगळे मिळून आले. त्यातले म्हातारे चाचा म्हणाले, "आप्पा, आमच्या एकाचं नाव घेतलंय. घ्या. पण मग मशिदीतल्या समद्यांची घ्या, एकाची नको." तेही नाव गेलं.

बौद्ध वस्तीतलं एक नाव होतं. ५६ सालानंतर त्या लोकांनी गावकीची कामं सोडली होती, मेलेलं जनावर ओढायचं बंद केलं होतं, आणि वर्गणीनं स्वतःचं समाजमंदिर बांधलं होतं. त्यांची तिथं बैठक झाली. अकरा जण आले, त्यातला एक पोरगा कॉलेजचा. त्यानं उभ्यानंच विचारलं, "ही यादी कुठल्या जी.आर.नं केली? आम्हाला तेवढा नंबर लिहून द्या." आप्पांकडं नंबर नव्हता. नाव खोडलं.

खोडलेल्या जागी दुसरी नावं आली. त्यातलीही गेली. असं करत करत यादीत शेवटी कोण राहिलं, तर ज्यांच्यामागं आमच्या सोप्यात येऊन बसायला कुणी नव्हतं ते. परगावाहून येऊन राहिलेला एक गवंडी. एका विधवेचा थोडा वेडसर मुलगा. दोन भूमिहीन सालगडी. आणि खालच्या वस्तीतला हलगीवाल्या बाबांचा पोरगा. वय चोवीस-पंचवीस. त्याला एकच मुलगी होती, दोन वर्षांची.

ती सात घरं का आली नाहीत, हे मी नंतर जोडून बघितलं. सात घरं सात वेगवेगळ्या मालकांच्या वाड्यावर राबत होती. एकाचा मालक दुसऱ्याच्या मालकाशी बोलत नव्हता. प्रत्येकाचं बलुतं वेगळं, उचल वेगळी, उपकार वेगळे. आणि बाबांच्या पोरावर सोसायटीचं म्हशीचं कर्ज थकलेलं होतं. आप्पांनी त्याला बोलावून सांगितलं, केस दिलीस तर हप्ते पुढं ढकलतो. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, "दुसरं काय करता येईल का?" आप्पा म्हणाले, "न्हाई." त्याचा अंगठा मीच शाईत बुडवून घेतला. नोव्हेंबरात तालुक्याच्या गावाला कॅम्प झाला. आप्पांची नोकरी राहिली.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. आजोबा गेल्यापासून ती मळ्यातल्या खोपीवर राहायची.

६ डिसेंबर १९७६ला क्रांतिसिंह नाना पाटील गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना वाळव्याला नेणार असं कळलं. आजी खोपीवरनं उठून घरी आली, आजोबांचा कोसा फेटा पिशवीत घेतला आणि मला म्हणाली, "चल." आप्पा म्हणाले, "दिवस वाईट हाईत, जमाव करू देत न्हाईत." आजी म्हणाली, "मयताला जायला कुणाचा परवाना लागतोय रं?"

नाव भरून भरून माणसं पलीकडं जात होती. सभा, मिरवणूक, घोषणा हे सगळं तेव्हा धोक्याचं होतं. पण अंत्ययात्रेला अडवायची हिंमत कुठल्या सरकारला होणार? दीड वर्षात पहिल्यांदाच मी एवढी माणसं एका ठिकाणी बघितली. कुणी भाषण करो न करो, माणसं एकमेकांना ओळखत होती. "तू कुंडलचा का?" "तू बापूंच्या गटातला न्हवं?" म्हातारी माणसं एकमेकांचे दंड धरून रडत होती. मला तेव्हा वाटलं ती नानांसाठी रडतात. आता वाटतं, काही रडणं स्वतःच्या गप्प बसण्यासाठीही असेल.

परत येताना रस्त्याकडेला लिंबाखाली हलगीवाले बाबा बसलेले दिसले. एकटेच चालत आले होते. हलगी फडक्यात गुंडाळून आणली होती. आजी त्यांच्याजवळ जाऊन मातीत बसली, भाकरी सोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. आमच्या घरातली बाई त्यांच्याबरोबर जेवायला बसलेली मी पहिल्यांदा बघत होतो. आजीनं घरचं विचारलं, पोरगा कसा आहे म्हणाली. बाबा भाकरीकडं बघत म्हणाले, "त्येचं काम झालं, वैनी. गेल्या म्हैन्यात. यादीत नाव आलं हुतं."

"एक तर लेक हाय त्येला. यादी कुणी केली?"

बाबा काही बोलले नाहीत. चावडीवरही बोलले नव्हते तसेच. आजीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आप्पांनी." मग घसा कोरडा पडला तरी म्हणालो, "मी लिहिली."

आजीनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली आणि नावेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नावेत पाण्याकडं बघत म्हणाली, "तुज्या आज्याचं नाव त्येनं सांगितलं न्हाई. मार खाल्ला, पर सांगितलं न्हाई. आन् तुमी त्येचं लिवून दिलं."

घरी आल्यावर तिनं भिंतीवरचा ताम्रपट काढला आणि ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला. परड्यात तीन दगडांची चूल मांडली आणि आमच्या चुलीवरचं खायचं सोडलं. आप्पांनी बाबांच्या घरी जाऊन पाय धरावेत, एवढंच तिचं म्हणणं. आप्पा गेले नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. रात्री झोपायचे नाहीत, हे मला माहीत आहे. पण नोकरी, भावकी, गाव यांच्या पुढं त्यांचं पाऊल उचललं नाही.

मार्च १९७७ला माझी दहावीची परीक्षा आणि निवडणूक एकाच महिन्यात आली. आमच्याकडं मतदानाला बायका भावकीच्या बैलगाडीतनं जायच्या. आजी गाडीत बसली नाही. खालच्या वस्तीतल्या बायकांबरोबर चालत गेली आणि त्यांच्यात रांगेत उभी राहिली. बाबांची सून तिच्या पुढं होती, कडेवर ती पोरगी. चुलत्यांनी हाक मारली तरी आजी जागची हलली नाही. मत कुणाला दिलं ते तिनं कधी सांगितलं नाही. दिल्लीत सरकार पडलं. साताऱ्यात यशवंतरावच निवडून आले. आमच्या गावात दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर डेअरीला गेलं.

एका म्हातारीनं वेगळी चूल मांडली, याला कुणी चळवळ म्हणणार नाही. तिच्यामागंही कुणी आलं नाही. पण त्या दिवाळीनंतर आमच्या गावात सरकारला नाही म्हणणारे सगळे आपापल्या टोळक्यानं नाही म्हणाले. भावकीनं भावकीपुरतं, तालमीनं तालमीपुरतं. आपलं नाव खोडलं की माणूस घरी गेला. आपल्या जागी कुणाचं लागलं, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या नावासाठी उठलेली आजी एकटीच.

बाबा १९८१ साली गेले. त्यांच्या पोराला पुढं मूल झालं नाही. त्याची ती लेक आज पन्नाशीत आहे. तिला मुलगा आहे, दोन नाती आहेत, आणि वस्तीतला बायकांचा बचत गट ती चालवते. त्या सात घरांची आता तीस घरं झालीत आणि कुणी कुणाच्या वाड्यावर राबत नाही. गावात सगळे तिला ताई म्हणतात.

शिपाई परत गेला त्या दिवशी दुपारी मी ताईच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो. शिलाफलकाचं सांगितलं आणि मग म्हणालो, "ताई, शहात्तर सालची ती यादी माझ्या हातची होती." ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "माहीत आहे, काका. बाबांनी सांगितलं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आजोबांचं नाव दगडावर घालायचं असेल तर गट येईल ग्रामसभेला. पण तुम्ही बोलायचं. आम्ही बोलणार नाही."

ग्रामसभेत बचत गटाच्या सव्वीस बायका येऊन बसल्या. नुसत्या बसल्या. मी उभा राहिलो आणि बंदुका, हलगी, चावडी, ताम्रपट सगळं सांगितलं. यादीचंही सांगितलं. आमच्या भावकीतली दोन माणसं उठून गेली. भाऊसाहेब म्हणाले, "काका, सरकारी नोंद असलेलीच नावं फलकावर घेता येतात. माझा नाइलाज आहे." त्यांचं चुकीचं नव्हतं. शाळेपुढच्या फलकावर अकरा नावं आहेत, आमच्या आजोबांचं तिसरं.

पण वस्तीच्या चौकात बाबांच्या नावाचा वेगळा दगड बसवायचा, असा ठराव त्या सभेत झाला. सूचक मी. अनुमोदक म्हणून वस्तादाच्या नातवानं हात वर केला, ते मला अपेक्षित नव्हतं. ठराव वहीत लिहायला भाऊसाहेबांनी वही माझ्यापुढं सरकवली. माझाही हात आता आप्पांसारखा थरथरतो. पण बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मी नीट लिहिलं.

दगड अजून बसलेला नाही. जागेचं भिजत पडलंय. दर ग्रामसभेला मी विचारतो, आणि त्या सव्वीस बायका येऊन बसतात.